भावजींनी निवडलेला चाकू

धारवाड स्टेशनवर उतरलो तेव्हा हवा गार होती. न्यायला भावजी, म्हणजे माझ्या मावसबहिणीचे, सुमनअक्काचे यजमान, स्वतः आले होते. अळणावरजवळ रानाकडेच्या एका शेतात दरवर्षी आमचा तंबू पडतो आणि आमचे म्होरके तेच. यंदा बायपासनंतर डॉक्टरांनी त्यांना रान बंद केलं होतं. गेल्या खेपेला सरपण फोडताना आमच्या चाकूची मूठ तुटली होती.

"नवा चाकू तेवढा मी निवडतो," ते म्हणाले.

त्यांच्या वाट्याला एवढंच काम उरलं होतं. मोबाइलवर पसंत करून ठेवलेला चाकू मी त्यांना दाखवलाच नाही.

बसनं हुबळी गाठली. दाजीबानपेठेमागच्या हत्यारांच्या दुकानात मालकानं चकचकीत चाकू पुढं केला.

"ब्याड (नको). कार्बन स्टीलचा तोरिसरी (दाखवा)," भावजी म्हणाले आणि माझ्याकडे वळले, "सरपण फोडताना मूठ हातात अन् पातं लाकडात, असं नको की."

मग एक करडा, जाड पाठीचा चाकू आला. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलंय का, हे त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. पात्यावर कंपनीचा छाप नव्हता, त्यामुळे मला शंका आली; पण तोच घेतला. येताना गिरमिट (मसालेदार चुरमुरे) खाल्लं. सोबतच्या मिरची भज्यांकडे बघून भावजींनी मान फिरवली.

घरी अक्कानं नव्या हत्याराला कुंकू लावून त्यानं लिंबू कापलं. जेवण होईपर्यंत चाकू तसाच पडला होता. पात्यावर काळे डाग उमटले.

"फसलो वाटतं," मी म्हणालो.

"फसतोय कशाला? कार्बनचं पोलाद लिंबानं काळं पडतंच. स्टेनलेसला काय होतंय?" असं म्हणून भावजींनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

भावजींशिवाय आम्ही बाकीचे शेतावर पोचलो तेव्हा कळलं, तंबूच्या खुंट्या धारवाडलाच विसरलो होतो. त्या चाकूनंच नव्या तासल्या. मूठ जराही हलली नाही.

परतताना धारवाडला चाकू भावजींसमोर कट्ट्यावर ठेवला. त्या घरात हत्यार कुणाच्या हातात देत नाहीत. त्यांनी उचलून पुसला, तेलाचं बोट फिरवलं.

"असं रोज करत जा, नाहीतर गंजेल."

"मला कुठलं जमतंय? इथंच राहू दे," मी म्हणालो.

त्यांनी चाकू फडक्यात गुंडाळला.

"मग पुढच्या वर्षी न्यायला येशील ना?"

मी हो म्हणालो. गाडीत बसल्यावर मोबाइलवरचा चाकू यादीतून काढून टाकला.