वेन्झूंनी फोडलेला दगड

वेन्झू कामिल्लेरी यांची व माझी ओळख गोझो बेटावरच्या शारा गावच्या चर्चच्या सभागृहात भरणाऱ्या प्रौढ साक्षरता वर्गात झाली. ते बहात्तर वर्षांचे होते, मी अडुसष्ट वर्षांची. आम्ही एकाच बाकावर बसत असू.

वेन्झू यांनी आयुष्यभर शेतांचे गडगे रचले. चुना नाही, माती नाही. दगडावर दगड नुसता बसवायचा. त्यांच्या हातचा गडगा ढासळल्याचे बेटावर कोणाच्या ऐकिवात नव्हते. मात्र त्यांच्या स्वतःच्या शेताच्या गडग्याची कोणी वाखाणणी केली, की ते मान खाली घालून विषय बदलत.

एकदा आमचा वर्ग गावाबाहेरच्या जगन्तिया मंदिरांपाशी नेण्यात आला. फलक वाचण्याची पाळी वेन्झू यांची होती. बोट ठेवून, शब्दाला शब्द जोडत त्यांनी वाचले, की पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लोखंड ठाऊक नसलेल्या माणसांनी ही मंदिरे उभारली. एवढे वाचून त्यांचा आवाज बंद पडला.

“काय वेन्झू, अक्षरं संपली की दम संपला?” वर्गातल्या साल्वू कोळ्याने टोमणा मारला. सगळे हसले. वेन्झू हसले नाहीत.

परतताना त्यांनी मला सारे सांगितले. लग्नानंतरच्या वर्षी शेत खणताना त्यांना एक मोठा दगड लागला होता. त्यावर, या मंदिरांतल्या दगडांवर आहेत तशी, मेंढ्याच्या शिंगांसारखी वळणे कोरलेली होती. कळवले तर सरकार शेत ताब्यात घेईल, अशी धास्ती त्यांना वाटली. म्हणून त्यांनी घणाने त्याचे तीन तुकडे केले आणि कोरीव बाजू आत वळवून गडग्यात बसवले.

“कोरणाऱ्याला किती महिने लागले असतील, बाई? माझी अर्धी सकाळ गेली. वर जेवायला वेळेवर घरी पोहोचलो.”

दगडाचे आता कळवून टाकायचा त्यांचा विचार ऐकून त्यांच्या पत्नी ग्रात्स्या यांनी कपाळाला हात लावला. इतकी वर्षे गप्प राहिलात, आता मरेपर्यंत राहा. शेत गेले तर लेकीला काय देणार, असे त्यांचे म्हणणे पडले. वेन्झू तीन आठवडे वर्गाला आले नाहीत. चौथ्या आठवड्यात आले ते नखांत माती घेऊन. गडगा त्यांनी एकट्याने उतरवला होता. तुकडे एकमेकांना जुळत होते, परंतु एका शिंगाच्या टोकाचा घणाखाली पार चुरा झाला होता.

संग्रहालयाला पत्र धाडायचे ठरले. माझे अक्षर त्यातल्या त्यात बरे, म्हणून लेखणी माझ्याकडे आली. त्यांची अब्रू झाकावी या हेतूने मी लिहिले, की शेतात एक कोरीव दगड भग्न अवस्थेत आढळला. त्यांनी कागद ओढून घेतला आणि ती ओळ स्वतः, ओठ हलवत, वाचून काढली. त्यांचे कान लाल झाले.

“भग्न नव्हता, बाई. अख्खा होता. मी फोडला असं लिहा, आणि खाली माझं पूर्ण नाव घाला.”