मकडी नाही, तर चावलं कोण?

केनवडच्या लिलाबाईंच्या पायाला चाकं आहेत, असं सगळा गाव म्हणतो आणि ते काही खोटं नाही. साठी उलटली, तरी बाई एका जागी पाच मिनिटं टेकेल तर शपथ! रिसोडच्या एका शाळेत, विज्ञानाच्या प्रयोगशाळेत, त्यांनी तीस वर्षं शिपायाची नोकरी केली. तिथल्या मास्तरांना कोळ्यांचा भारी नाद. जाळी झाडायला आलेल्या लिलाबाईंच्या हातातला झाडू काढून घेऊन ते म्हणायचे, "आधी बघा, मग झाडा." बघता बघता बाईंनाही तो नाद लागला आणि नोकरी सुटली तरी सुटला नाही.

गावात कोळ्याला मकडीच म्हणतात. कोणाच्या घरात मकडी निघाली की लिलाबाईंना बोलावणं ठरलेलं. भिंतीवर पसरून बसलेली, चपटी, आडवी पळणारी? झुरळं खाते बिचारी, राहू द्या. कोपऱ्यात उलटी लटकून थरथरणारी, काडीसारख्या पायांची? तिच्यापासून काही भय नाही. टुणकन उडी मारणारी चिमुकली? लेकराच्या हातावर बसली तरी चालेल. पण बांधावरच्या बिळातली जाडजूड केसाळ, नाहीतर अडगळीत बसणारी काळी चकचकीत, पोटावर लाल खूण असलेली दिसली, की बाईंचा आवाज चढायचा. "हात नका लावू! चावलीच तर लेप नको न् मंत्र नको, सीधा दवाखाना!" एवढं ठाऊक असल्याचा थोडा तोरा होता त्यांना. का नसावा?

मागच्या ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी चालू होती. सकाळी सहाला शेजारच्या मनकर्णाबाई धापा टाकत दारात आल्या.

"चाला वं लिलाबाई, जल्दी! वैष्णवीले मकडी चावली. मजूर यायची वेळ झाली अन् आमची सून पडून हाय!"

लिलाबाई निघाल्याच. खोलीत वैष्णवी जमिनीवरच्या अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगभर गोधडी, एक हात तेवढा बाहेर. हातावर आमचुराचा लेप थापला होता. मकडीवर त्या घरात हाच इलाज. उशाशी स्टीलचा गिलास पालथा घातलेला. गुन्हेगार त्याच्याखाली होता.

बाईंनी गिलास अलगद तिरपा केला आणि हसल्या. चपटी, तपकिरी, तळहाताएवढी.

"अवं, ही तर गरीब हाय! हिच्यानं काही होत नसते. बिंदास राहा."

घराचा जीव भांड्यात पडला. वैष्णवीचा नवरा विकास विळे उचलून शेताकडे निघाला. "राती दोनदा ओकली, पोट दुखते म्हनत होती," मनकर्णाबाई म्हणाल्या, "पन ते काल रातीच्या जेवनाचं असंन." मनकर्णाबाईंना गिलास उचलायला लावून, मकडीला अंगणात सोडून लिलाबाई घरी परतल्या.

घरी आल्या खऱ्या, पण जीव थाऱ्यावर येईना. चहा ठेवला, उतरवला. सूप घेतलं, खाली ठेवलं. दारात गेल्या, आत आल्या. काहीतरी राहिलं, काहीतरी राहिलं, असं सारखं वाटत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. मकडी ओळखण्यात चूक? छे! हजार वेळा पाहिलेली जात. ती कोणाला ओकाऱ्या काढायला लावत नाही.

मग ओकाऱ्या कशानं? मकडी नाही, तर चावलं कोण?

पोरगी जमिनीवर झोपलेली. खोलीत सोयाबीनची पोती. पोत्यांपाशी उंदीर आणि उंदरांमागे साप. मण्यार चावली तर झोपेतल्या माणसाला मुंगीएवढंही कळत नाही. लिलाबाई चपला न घालताच पळत सुटल्या.

"आता काय झालं?" मनकर्णाबाई वैतागल्या. "तुमीच म्हनल्या ना काही नाई म्हनून?"

"मकडीचं म्हनली मी! पोरीचं नाई!"

बाईंनी गोधडी ओढून काढली, पोरीला भिंतीकडून आपल्याकडे वळवलं. वैष्णवीच्या पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या.

"वैष्णवी, डोये उघड. माह्याकडे पाह्य."

पापण्या जरा हलल्या आणि पुन्हा खाली आल्या. तोंडातून नुसता घोगरा आवाज निघाला.

"झोप आली असंन तिले," सासू म्हणाली.

"ही झोप नाई वं माय! विकासले बोलवा, गाडी आना!"

जीपनं रिसोड, तिथून वाशीम. इंजेक्शनं झाली, श्वासाचं यंत्र लागलं. चार दिवस घरातल्या कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही. साप मण्यारच असावा, अजून तासभर घरी ठेवलं असतं तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. पाचव्या दिवशी वैष्णवी स्वतःहून श्वास घेऊ लागली.

गावभर लिलाबाईंचं नाव झालं. पण कोणी कौतुक केलं की बाई खेकसायच्या, "बस करा!" का, ते कोणाला कळेना. नंतर दवाखान्यात त्या भेटायला गेल्या तेव्हा वैष्णवीनं त्यांचा हात धरला. आवाज अजून फाटलेला होता.

"मावशी, त्या सकायी मले सगळं आयकू येऊन राह्यलं होतं. डोये उघडत नव्हते, जीभ वळत नव्हती."

"मी तुह्या तोंडाकडे पाह्यलंच नाई वं," लिलाबाईंना रडू फुटलं. "माही चूक झाली, माय."

वैष्णवी रागावली नव्हती. आठवेल तसं सांगत होती, एवढंच.

"मी मनातल्या मनात तुमाले हाका मारून राह्यली होती, मावशी. अन् तुमी आत्याबाईले सांगून राह्यल्या होत्या, गिलास हळू उचला, तिचा पाय तुटंन."