आजोबांचा मूकपट

मागच्या रविवारी कामरगावला जाऊन आले... खरं तर भांडायलाच गेले होते.

मूकपटांच्या जमान्यात माझ्या आजोबांनी कारंजा गावात एक सिनेमा काढला होता. कॅमेरा मुंबईहून भाड्याने आणलेला, नट गावातलेच, दिग्दर्शक स्वतः. दुकानदाराच्या मुलाने असली थेरं करावीत, म्हणून घरात पुढे त्यांच्याशी कुणी धड बोललंच नाही.

ते गेल्यावर घरच्यांनी रिळांचे डबे एका कारागिराला देऊन टाकले. जुन्या फिल्मवर चांदीचा थर असायचा, तो धुऊन काढायचे...

बाबा तेव्हा लहान होते. त्यांनी तो सिनेमा कधीच पाहिला नाही. आता अंथरुणाला खिळलेत आणि सारखं विचारतात, "काय असेल गं त्यात?"

त्या कारागिराची मुलगी, जैबूनखाला, कामरगावात लेकाकडे असते असं कळलं. वय पंचाऐंशी. वाटलं, एखादा तुकडा तरी मिळेल... नाहीतर निदान जाब विचारू.

मी सगळं सांगितलं. खालांनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "मीच धुतले ते, बेटा. अब्बा सोड्याचं गरम पानी करून देत. त्यात बुडवलं का चित्रं निंगून जायची, पट्टी काचेवानी साफ."

"पहिले उनात धरून पाहाची मी. एक दुबळा मानूस नदीत उभा होता, खांद्यावर लेकरू. चष्म्याची एक दांडी नव्हती, दोरा बांधला होता."

घरातल्या एकमेव फोटोत आजोबांचा चष्मा तसाच होता... म्हणजे नटही तेच झाले होते.

"तुकडा?" मी विचारलं.

"एक बी नाही ठेवला. मले काय मालूम होतं? धा वर्साची होती मी. माफ कर."

मला रडूच फुटलं. काय जाब विचारणार... मी बाबांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून खालांपुढे धरला.

"भाऊ, मी पाह्यले तुमचे वडील," त्या म्हणाल्या. "हासून राह्यले होते. चांगले खदखदून."

पलीकडून बाबा हळूच म्हणाले, "मी त्यांना हसताना कधी पाहिलंच नाही हो..."

खाला, तुम्ही पाहून ठेवलंत. तुमचे उपकार आहेत आमच्यावर.