धामणीचा सोट

भातं झोडून झाली, रान पानं टाकायला लागलं, की बा कोयता घेऊन वाडीच्या वरच्या उतारावर जायचा. शिकार बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण दर हिवाळ्यात एक कमठा, म्हणजे धनुष्य, करायचं त्यानं सोडलं नव्हतं. त्या दिवशी मला पिरंगुटच्या कंपनीत सुट्टी होती म्हणून मीही बरोबर गेले.

बा मोठ्या झाडांच्या सावलीत वाढलेलं धामणीचं झाड शोधत होता. उजेडासाठी धडपडत वर गेलेलं रोप सरळ असतं, त्याला आडव्या फांद्या कमी, म्हणून लाकडात गाठीही कमी. जाडी मनगटाएवढी हवी आणि हात फिरवला तर कुठं पीळ लागता कामा नये. दोनचार रोपं त्यानं वाकवून बघितली आणि सोडून दिली. शेवटी कारवीच्या दाट जाळीला लागून एक मनासारखं सापडलं. त्याची साल बुडाशी घासलेली होती. डुकरं अंग घासतात, तसलं काही असेल, असं म्हणून बानं मला वीतभर वर घाव घालायला सांगितलं.

मी तिरपे घाव घातले. झाड आडवं झालं. शेंडा छाटून मी सोट मोकळ्यावर ओढला, तेवढ्यात जाळी हलली.

रानडुक्कर तिथंच पडून होतं. त्याच्या गळ्यात तारेचा फास होता आणि तारेचं दुसरं टोक त्याच धामणीच्या बुडाला, पाचोळ्याखाली बांधलेलं. ओढून ओढून ते दमून निपचित झालं होतं. आमच्या घावांनी बिथरून ते उठलं, त्यानं हिसका दिला आणि तार खुंटावरून निसटली. हे सगळं मला नंतर उमजलं. तेव्हा दिसलं ते एवढंच, की बा खाली पडलाय आणि काळं धूड त्याच्या अंगावर आहे.

सुळा त्याच्या मांडीत घुसला होता. मान झटकत ते जनावर त्याला फरफटत होतं. मी त्याच्या पाठीत कोयता घातला. तो हाडावर आपटून हातातून उडाला. डुक्कर माझ्याकडं वळलं. हाताशी सोटच होता. त्याचं तिरपं टोक पुढं धरून दुसरं टोक मी मागच्या खडकाला टेकवलं. डुक्कर सुसाट येऊन त्यावर आदळलं आणि टोक छातीत शिरलं. ओला सोट मोडेल असं वाटण्याइतका वाकला, पण मोडला नाही. माझ्या पोटापासून हातभरावर ते जनावर किंचाळत होतं, त्याचा रक्ताळ फेस माझ्या तोंडावर उडत होता.

बा खुरडत आला. पडलेला कोयता उचलून त्यानं मानेवर घाव घातला, मग पुन्हा घातला. डुक्कर कोसळलं, पाय झाडायचं थांबलं, तरी तो घाव घालतच राहिला. शेवटी मी त्याचा हात धरला. तो रडत होता.

ओढणी काढून मी मांडी बांधायला गेले, तर त्यानं मला अडवलं.

"आदी ती तार काढ त्याची," तो म्हणाला.

तार कातडीत रुतली होती, भोवतीच्या मांसात अळ्या पडल्या होत्या. मी बोटं घालून ती सोडवली. मोटरसायकलच्या क्लचची तार होती. बानं तिची गाठ निरखून बघितली, ती मुठीत धरली आणि मगच मला मांडी बांधू दिली.

मी भावाला फोन केला. तो गॅरेजात काम करायचा, त्या दिवशी घरी होता. वाडीतली दोन माणसं आणि घोंगडी घेऊन तो पळत आला. सोटाला घोंगडी बांधून झोळी केली आणि बाला खाली आणलं. भावानं बाच्या मुठीतली तार पाहिली होती.

पौडच्या दवाखान्यात टाके पडले, इंजेक्शनं झाली. भाऊ खाटेजवळ पाणी घेऊन आला. बानं त्याला खाली वाकायची खूण केली आणि ती तार चाबकासारखी त्याच्या तोंडावर ओढली. गाल फाटला. बानं पुन्हा हात उगारला तेव्हा नर्स मध्ये पडली.

"मारायचं तर मार," बा म्हणाला. "बांदून सडवायचं न्हाई."

भाऊ गाल दाबून उभा राहिला. मग म्हणाला, "अजून हायेत वर."

"काढून आन."

त्याच संध्याकाळी त्यानं उरलेले फास आणून दारात टाकले. वनखात्याची माणसं पंचनाम्याला आली तेव्हा बानं सगळं खरं सांगितलं. फास कुणाचा ते तेवढं माहीत नाही म्हणाला.

मला तो सोट घरात नको होता. जाळून टाका, मी म्हणाले. जे एवढं वाकून मोडलं नाही ते लाकूड चुलीत घालायचं का, असं बानं मलाच विचारलं. त्याला बसता येत नव्हतं. मग तो पडून सांगायचा आणि भाऊ करायचा. टोकांना शेणमाती लिंपली, नाहीतर टोकं आधी वाळून चिरतात. साल खरवडली, पण आतल्या लाकडाला धार लागू दिली नाही. मग सोट चुलीपासून लांब, सावलीत, आढ्याला टांगला. वाळल्यावर पोटाची, म्हणजे ओढणाऱ्याकडची, बाजूच तेवढी तासायची. पाठीचा एक धागा जरी तुटला तरी ओढताना कमठा फुटतो आणि तोंडावर येतो. भाऊ रागारागानं तासायचा, बा शिव्या द्यायचा. एकदा त्यानं विळाच फेकून मारला. तो भावाच्या कानाजवळून जाऊन कुडात रुतला. भाऊ उठून गेला आणि थोड्या वेळानं येऊन पुन्हा तासायला बसला.

कमठा तयार झाला तोवर ऊन तापायला लागलं होतं. बा त्या पायावर जोर देऊन उभा राहू शकत नव्हता. भावानं हात पुढं केला, पण बानं कमठा मला दिला. मी ओढला. लाकडाचा ताण दंडापर्यंत आला आणि त्या डुकराची किंचाळी कानात भरली. बाण परसातल्या केळीच्या खोडात पिसांपर्यंत घुसला, खोडातून पाणी वाहायला लागलं. भावानं बाण उपटला, पँटला पुसला आणि माझ्यापुढं धरला.

मी तो घेतला नाही. पिरंगुटच्या बसची वेळ झाली होती.