आरोपीच्या पाठीमागे

वकिली शिकणाऱ्या माझ्या नातीने सांगितलं, परदेशात बसणाऱ्या जगाच्या मोठ्या फौजदारी कोर्टाने फरार माणसावरचे आरोप तो नसतानाच ऐकून घेतले. खटला नि शिक्षा मात्र तो सापडल्यावर. मला ते पटलं.

आमच्या मुरबाडकडच्या गावकीत आरोपी आला नाय तर बैठक मोडते. शेजारच्या विधवेची कापून रचलेली भाताची उडवी पेटवल्याचा आळ ज्याच्यावर होता, तो म्हणूनच दरवेळी वाशिंदला पाहुण्यांकडे जाऊन बसायचा. या खेपेलाही तो आला नाय, पण मी जागचा हललोच नाय; नातीने सांगितलेलं पंचांना सांगितलं.

पंच हसले, "म्हातारा जगाचं कोर्ट मुरबाडात आणतोय रे!"

"आणतो. दंड तो आल्यावर ठरवा. आज हिचं ऐका."

बाई पदर सावरून बोलायला लागली. कुणाला पळताना पाहिलं ते सांगितलं, पुढे वर्षभर पोरांना काय खायला घातलं तेही. मधे कुणी तोंड घातलं नाय.