सुनेच्या गोळ्या

रिठदच्या बबनरावांना फुकटची वस्तू सोडवत नाही. सून निकिता पोटुशी राहिली. पोरीचे ओठ पांढरेफटक, म्हणून आशाताईनं तिच्या हातात रक्तवाढीच्या लाल गोळ्या ठेवल्या, आणि सासरेबुवांनी त्या काढून घेतल्या.

"मामाजी, त्या मले देल्या हायेत," ती म्हणाली.

"रक्त काय बाईमाणसालेच लागते? गप राय!"

त्यांना थकवा होता, हे खरं. होणारच. गळ्यात माळ, म्हणून मटण-अंडी बंद. आणि घरच्या म्हशींचं दूध थेंबन्‌थेंब डेअरीत. घरात कोरा चहा. ब-बारा जीवनसत्त्व अंगात येणार कुठून? ते काही वांग्यात नसतं.

थोड्या दिवसांत चेहऱ्यावर तकाकी आली आणि बबनराव पारावर छाती काढून बसू लागले. पायांना मुंग्या येत, चप्पल निसटली तरी कळत नसे. पण "रक्त भरून राह्यलं, म्हून झिणझिण्या," हे त्यांचंच निदान. दवाखान्यात चला म्हणणाऱ्या बायकोला, सोजरबाईला, त्यांनी वेड्यात काढलं.

पोळ्याला मानाची जोडी यांची. तोरणाखालून सगळ्यांच्या पुढे चालायचं, एवढ्यासाठीच हा माणूस वर्षभर जगतो. यंदा डफडं वाजलं, बैल निघाले, आणि धन्याला पाय जमिनीवर पडला की हवेत तेच कळेना. गावादेखत शेणात आडवे! कासरा मागून येणाऱ्या पुंजाजीनं धरला, जोडी पुढे गेली. मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही.

रिसोडच्या डॉक्टरीणबाईंनी चांगलंच सुनावलं. "गोळ्यांतल्या फॉलिक ॲसिडनं रक्त तेवढं सुधारलं, म्हणून आजार झाकला गेला. ब-बारा मुळात नव्हतंच; नसा आतून खराब होत राहिल्या. आता सुया घ्या, दूध प्या. पाय पूर्ण सुधारतीलच असं नाही."

एवढं ऐकून शहाणपण आलं असेल? छे! काठी टेकत दारोदार सांगतात, "आशाच्या गोळ्याइनं माह्ये पाय गेले!" गल्लीतल्या दोघी पोटुशींनी ते ऐकून आपल्या गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. असा संताप येतो की काय सांगू.

घरी मात्र त्यांनी उरलेली पाकिटं निकिताच्या अंगावर भिरकावली. "घे, तुह्यं जहर तुह्यापाशीच ठेव!"

आठव्या महिन्यात पोरीनं पहिली गोळी गिळली.