वरच्या मजल्यावरचा फोन

त्या घरात दोन जावा होत्या आणि दोघी एकाच शाळेत शिकवायच्या. खालच्या मजल्यावरची थोरली दहावीला गणित शिकवायची, वरच्या मजल्यावरची धाकटी शिवणकाम आणि कागदकाम. शाळेतल्या पोरांनी घरातलंच नातं उचललं आणि एकीला ‘थोरल्या बाई’, दुसरीला ‘धाकट्या बाई’ करून टाकलं.

थोरल्या बाईंचा शाळेत दरारा होता. त्या व्हरांड्यातून निघाल्या की अर्धा मजला गप्प व्हायचा. निकालाच्या दिवशी हेडसर सगळ्यांत आधी त्यांच्याकडे बघायचे. धाकटीला तर नोकरीच त्यांच्या शब्दावर लागली होती. “माझी जाऊ आहे, हात चांगला आहे तिचा,” एवढं त्या हेडसरांना म्हणाल्या आणि काम झालं. शिवणकामाला मार्क नव्हते. परीक्षा जवळ आली की थोरल्या बाई धाकटीचा तास सरळ मागून घ्यायच्या आणि धाकटी हसून देऊन टाकायची. सगळं कसं जागच्या जागी होतं.

मग साथ आली आणि शाळेला कुलूप लागलं.

थोरल्या बाईंनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, मागं भिंतीला फळा टेकवला आणि सकाळी दहाच्या ठोक्याला वर्ग सुरू केला. शाळेची घंटा दहाची, तर वर्गही दहालाच. समोर पडद्यावर काळे चौकोन. चेहरा एकाचाही नाही. “समजलं का?” असं विचारलं की कुठंतरी कुकरची शिट्टी ऐकू यायची, नाहीतर कुणाचं तरी कुत्रं भुंकायचं. आठवडा उलटता उलटता चौकोनही अर्धे झाले.

हेडसरांनी फर्मान काढलं, घरोघरी फोन करा, मुलं कुठं आहेत, कशी आहेत, विचारा. थोरल्या बाईंनी केले. “नमस्कार, तुमचा मुलगा तासाला नव्हता. का नव्हता?” पलीकडून कुणी “नेट नव्हतं” म्हणायचं, कुणी “सांगतो त्याला” म्हणायचं आणि फोन संपायचा. हजेरी घ्यावी तसे फोन.

आणि वर? वर धाकटीचा फोन सकाळी जो सुरू व्हायचा तो थांबायचं नाव घ्यायचा नाही. जिन्याच्या पोकळीतून सगळं खाली यायचं. “हो का? मग जेवलास का?” “आजोबांना दे फोन, मी बोलते.” मध्येच खळखळून हसणं. मध्येच बराच वेळ नुसतं “अरेरे”. कुणाच्या बसचालक बापाचं काम गेलं तर त्याची बायको धाकटीला फोन करणार. मुलगा खोलीतून बाहेर येईना तर त्याची आत्या धाकटीला फोन करणार. शिकवायला काही नव्हतं म्हणून जी बाई रिकामी, तीच सगळ्या गावाची झाली! थोरल्या बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग त्या भांडी घासायला घ्यायच्या. घासलेली भांडीसुद्धा.

शिक्षकांच्या मीटिंगमध्ये हेडसर पडद्यावरून म्हणाले, “धाकट्या बाईंमुळे नऊ-दहा मुलं परत वर्गात आली.”

“परत आली ती माझ्या वर्गात,” थोरल्या बाई म्हणाल्या.

“तेच तर! कुणाच्या का कोंबड्यानं उजाडेना.”

सगळे हसले. थोरल्या बाईही हसल्या, कारण कॅमेरा चालू होता.

पण खरा घाव घरातच बसला. त्यांची लेक त्याच दहावीच्या वर्गात होती. अबोल झाली होती, रात्री कूस बदलत राहायची. “झोप येत नाही का गं?” विचारलं तर “येते” म्हणायची. एका दुपारी वाळत घातलेले कपडे आणायला थोरल्या बाई गच्चीकडे निघाल्या आणि धाकटीच्या दारापाशी पाय थबकला. आतून लेकीचा आवाज येत होता. रडून जड झालेला.

“परीक्षा झाली काय नि नाही झाली काय, मला भीतीच वाटते काकू. आईला नको सांगूस.”

“नाही सांगत. पण तू सांगशील ना कधीतरी?”

“तिला? ती वेळापत्रक करून देईल.”

थोरल्या बाई कपडे न आणताच खाली उतरल्या. नोकरी मी लावून दिली, शाळेतली पोरं तिनं घेतली तर घेतली. आता माझी लेकसुद्धा? त्या दिवशी धाकटीनं वरून भाजीची वाटी पाठवली, ती त्यांनी तशीच झाकून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी टाकून दिली.

पुढच्याच आठवड्यात धाकटीला ताप भरला. तपासणीत तेच निघालं. ती वरच्याच मागच्या खोलीत एकटी राहू लागली, जेवण दाराशी ठेवायचं. घरात सगळेच घाबरले. थोरल्या बाईही घाबरल्या, खोटं कशाला बोला. त्यांनी स्वतःच्या हातानं काढा केला, नेऊन ठेवला. पण काढा गाळताना एक विचार डोक्यात आलाच, की आता तरी वर शांत होईल. त्या विचाराची त्यांना लाज वाटली, पण म्हणून काही तो गेला नाही.

शांत मात्र काही झालं नाही. दीर तोंडाला मास्क बांधून जिन्यातूनच म्हणाले, “वहिनी, हा फोन वाजायचा थांबत नाही आणि ती खोकत खोकत उचलते. डॉक्टर बोलू नको म्हणाले. तुमच्याकडे ठेवा. कुणी विचारलं तर सांगा बरं नाही म्हणून.”

फोन पुसून टेबलावर ठेवतायत तोच वाजला. पडद्यावर दहावीतल्या एका मुलीचं नाव दिसलं. वर्गातली ही मुलगी कधीच बोलायची नाही, म्हणून थोरल्या बाईंनीच तिला भर वर्गात ‘अबोली’ म्हटलं होतं आणि ते तिला चिकटलं होतं. ऑनलाइन वर्गात ती सगळ्यांत काळा चौकोन. त्यांनी उचलला.

“बाई, मी बोलतेय. बोलू का आता?”

सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं नुसतं. पण तो आवाज इतका मोकळा होता, असं मोकळं थोरल्या बाईंशी फोनवर कुणी बोललंच नव्हतं. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, “हं.”

“आवाज बसलाय का तुमचा?”

“हं.”

“मग तुम्ही बोलू नका, मीच बोलते.” आणि अबोली बोलत सुटली. आई आजीच्या आजारपणाला गेली ती रस्ते बंद झाल्यामुळं तिकडंच अडकली. बाबा दवाखान्याच्या फाटकावर रात्रपाळीला. सकाळी येऊन झोपतात. खोली एकच. “दहाला गणिताचा तास सुरू होतो नि तेव्हाच त्यांचा नुकता डोळा लागलेला असतो. मी आवाज बंद करून बसते. कॅमेरा लावला तर बाबा उघडे झोपलेले दिसतील सगळ्यांना. थोरल्या बाई विचारतात, मूग गिळलेत का? मला उत्तर येत असतं बाई. परवाचं येत होतं.” मग म्हणाली, “आता मी तासाला बसणारच नाही. धाकट्या भावाचं जेवण माझ्याकडे आहे, ते तरी वेळेवर होईल.”

थोरल्या बाईंनी फोन ठेवला. त्यांना वाईट वाटलं. पण त्याहून जास्त झोंबलं ते हे, की एवढं सगळं धाकटीला ठाऊक असणार आणि ती आपल्याला एका शब्दानं बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या फोनवरून अबोलीला फोन लावला, थोरल्या बाई म्हणून. “उद्यापासून तुला संध्याकाळी फोनवर शिकवीन. वडील कामावर गेले की. कॅमेरा नको, वही-पेन घेऊन बस.”

“धाकट्या बाईंनी सांगितलं ना तुम्हाला?” मुलगी खुलली. “त्या किती चांगल्या आहेत!”

थोरल्या बाईंनी ओठ चावला. काम आपण करायचं आणि आरती धाकटीची! तरी त्यांनी शिकवलं. रोज. पोरगी हुशार होती, मधेच थांबवून “हे असंच का?” विचारायची. हळूहळू अशीच आणखी चार मुलं संध्याकाळच्या फोनवर आली आणि दहाच्या वर्गाचा एक तुकडा संध्याकाळी सरकला.

धाकटी बरी झाली. हडकुळी होऊन जिन्यावर उन्हात बसायला लागली. आणि एके दिवशी खाली आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

“ताई, त्या पोरीनं माझ्याशी फोनवर बोलल्याचं सांगितलं. मी तर तापानं फणफणले होते. माझ्या नावानं तुम्ही बोललात?”

“बोलले कुठं? नुसतं हं म्हटलं.”

“ताई!”

“हो, केलं मी ते,” थोरल्या बाई फटकन म्हणाल्या. “जळते मी तुझ्यावर. झालं समाधान?”

“ते मला माहीत आहे. तुम्ही खाली भांडी आपटता ती वर ऐकू येतात.” धाकटी हसली नाही. “माझ्यावर हवं तेवढं जळा. पण ती पोरगी माझ्या भरवशावर बोलली. तिला सांगा.”

“आणि तुला सगळं ठाऊक होतं तर मला का नाही सांगितलंस?”

“तिनं सांगू नका म्हटलं होतं. बाकीच्यांनीही.”

‘बाकीच्यां’त कोण कोण, ते थोरल्या बाईंनी विचारलं नाही.

संध्याकाळी त्यांनी अबोलीला फोन केला. गणित काढायला सांगण्याआधीच सगळं सांगून टाकलं. त्यांना वाटलं, आता ही फोन ठेवणार. पलीकडं भावाची कुरकुर ऐकू येत होती.

“मला तेव्हाच जराशी शंका आली होती बाई,” अबोली म्हणाली. “धाकट्या बाई नुसतं हं म्हणून गप्प बसूच शकत नाहीत. मधे मधे बोलतात.”

“मग फोन ठेवला का नाहीस?”

“सुरू झालं होतं ना. मग थांबवता येईना.” आणि मग, “पण पुन्हा असं करू नका.”

“नाही करणार,” थोरल्या बाई म्हणाल्या. विद्यार्थिनीला असं वचन त्यांनी पहिल्यांदाच दिलं होतं.

शाळा उघडली तेव्हा मुलांचा घोळका फाटकातच धाकटीभोवती पडला. कुणाची आई डबा घेऊन आलेली, कुणाचे आजोबा हात जोडून उभे. थोरल्या बाई बाजूनं व्हरांड्यात शिरल्या. पोटात दुखायचं तसं दुखलंच. अबोलीचं गणित चांगलं गेलं, तिचं पुढं शिकायचं ठरलं. तिची आई येऊन आभार मानून गेली, दोघींचे मानले, पण धाकटीचे आधी. थोरल्या बाईंच्या ते लक्षात राहिलं.

निकालानंतरच्या सुटीत एका संध्याकाळी त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. लेक येऊन समोर बसली, चार शेंगा तिनंही उचलल्या. मग म्हणाली, “आई, मला गणित नाही घ्यायचं पुढं.”

थोरल्या बाईंच्या तोंडाशी वेळापत्रकच आलं होतं, कुठला विषय घेतला तर काय होतं त्याचं. ते त्यांनी गिळलं. पण दुसरा प्रश्न काही गिळता आला नाही.

“काकूला सांगितलंस का हे?”

“हो.”

“आधी?”

“हो, आधी.”

झोंबलं. अगदी नाकाला मिरची लागल्यासारखं झोंबलं. त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे वाडग्यात टाकले, आणि म्हणाल्या, “बरं. मग काय घ्यायचं म्हणतेस?”